व्हिसाची फाइल प्रलंबित असताना घटस्फोट झाला तर काय होतं?

‘मुलगा अमेरिकेत आहे, लग्नानंतर वर्षभरात मुलगीही तिकडे जाईल.’ साताऱ्यात, कराडात, सांगलीत किंवा विट्यात लग्न ठरवताना हे वाक्य आता नवं राहिलेलं नाही. सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून आणि कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून अभियंते घडवत आहेत. त्यांतले कितीतरी जण पुण्या-मुंबईमार्गे परदेशात पोहोचले. त्यांची लग्नं मात्र बहुतेकदा गावाकडेच होतात. लग्नाचे फोटो आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडून जोडीदाराच्या व्हिसाचा अर्ज जातो आणि मग वाट पाहणं सुरू होतं. कधी काही महिने, कधी काही वर्षं.

या काळात संसार बिनसला तर त्या अर्जाचं काय होतं?

यावर व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन टोकांची उत्तरं मिळतात. एक म्हणजे ‘अर्ज एकदा भरला की काही होत नाही’. दुसरं म्हणजे ‘घटस्फोटाची नोटीस आली की सगळं रद्द’. ही दोन्ही उत्तरं चुकीची आहेत.

थोडक्यात उत्तर काय?

सगळा हिशोब दोन तारखांवर ठरतो. पहिली तारीख, लग्न कायद्याने संपल्याची. दुसरी तारीख, जोडीदाराला परदेशात कायम राहण्याचा हक्क मिळाल्याची. लग्न आधी संपलं तर लग्नाच्या आधारावर केलेला अर्ज साधारणपणे पडतो. हक्क आधी मिळाला असेल तर केवळ घटस्फोटामुळे तो सहसा जात नाही.

नोटीस येणं, वेगळं राहणं, माहेरी येणं किंवा कोर्टात अर्ज दाखल होणं म्हणजे घटस्फोट नव्हे. कोर्टाचा अंतिम हुकूमनामा होईपर्यंत कायद्याच्या नजरेत दोघं पती-पत्नीच असतात. अर्थात, परदेशी सरकारच्या नजरेत फक्त लग्नाचा दाखला पुरेसा नसतो. लग्न खरं आहे ना, हेही तपासलं जातं.

अमेरिकेचा नियम काय सांगतो?

अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आपल्या जोडीदारासाठी ‘आय-१३०’ हा अर्ज करतो. हा अर्ज परदेशात राहणाऱ्या त्या व्यक्तीचा असतो, इथे असलेल्या जोडीदाराचा नव्हे. बऱ्याच कुटुंबांचा गैरसमज इथूनच सुरू होतो. फी कोणी भरली, कागद कोणी जमवले याला महत्त्व नाही. अर्जदार तोच असल्यामुळे तो लेखी कळवून अर्ज मागे घेऊ शकतो आणि त्यासाठी घटस्फोट होण्याचीही गरज नसते.

अर्ज मंजूर झाला तरी तो व्हिसा नसतो. सातारा-सांगलीच्या उमेदवाराला त्यानंतर कागदपत्रांची छाननी, वैद्यकीय तपासणी आणि मुंबईतल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासातली मुलाखत या टप्प्यांतून जावं लागतं. या प्रवासात कुठेही लग्न कायद्याने संपलं, तर मंजूर झालेला आय-१३० देखील आपोआप रद्द होतो. व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला असला, पण अमेरिकेत प्रवेश झालेला नसला, तरी हाच नियम लागू होतो. कारण ग्रीन कार्डधारकाचा दर्जा अमेरिकेत प्रवेश मिळाल्यावरच सुरू होतो.

दोघं वेगळे राहत असतील, पण घटस्फोट झालेला नसेल, तर अर्ज आपोआप रद्द होत नाही. मात्र मुलाखतीत अधिकारी प्रश्न विचारतात. अशा वेळी ‘आम्ही एकत्रच आहोत’ असं खोटं सांगणं सर्वांत महागात पडतं. महत्त्वाची माहिती खोटी दिल्याचं सिद्ध झालं तर अमेरिकेत प्रवेशावर कायमची बंदी येऊ शकते. केवळ कागदासाठी लग्न केल्याचं ठरलं, तर पुढे दुसऱ्या कुणी केलेला अर्जही मंजूर होत नाही. मोडलेला संसार हा गुन्हा नाही, पण मोडलेला संसार चालू असल्याचं दाखवणं अंगलट येतं.

ग्रीन कार्ड मिळाल्यावर घटस्फोट झाला तर?

ग्रीन कार्ड मिळालं तेव्हा लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली नसतील, तर मिळणारं कार्ड दोन वर्षांचं आणि सशर्त असतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून ‘आय-७५१’ हा अर्ज करायचा असतो. दरम्यान घटस्फोट झाला असेल तर जोडीदाराच्या सहीशिवाय, एकट्याने हा अर्ज करता येतो. त्यासाठी लग्न मनापासून केलं होतं, हे दाखवावं लागतं. एकत्र घराचा भाडेकरार, संयुक्त बँक खातं, विमा, विजेची बिलं, दोघांचे एकमेकांशी झालेले संदेश, नातेवाइकांबरोबरचे फोटो हे सगळे पुरावे ठरतात. घर सोडताना अनेक जणी फक्त दागिने आणि कपडे घेऊन बाहेर पडतात. खरं तर त्याआधी या कागदांच्या प्रती स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवायला हव्यात.

दहा वर्षांचं कार्ड असेल तर घटस्फोटामुळे ते जात नाही. फक्त नागरिकत्वाचा जवळचा रस्ता बंद होतो. अमेरिकी नागरिकाबरोबर संसार चालू असेल तर तीन वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. घटस्फोटानंतर नेहमीच्या पाच वर्षांच्या नियमाने जावं लागतं.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. अर्ज करताना स्पॉन्सर जोडीदाराच्या खर्चाची हमी ‘आय-८६४’ या कागदावर देतो. जोडीदाराला ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर ही हमी लागू होते आणि घटस्फोटाने ती संपत नाही. ती व्यक्ती नागरिक झाली, साधारण दहा वर्षांच्या कामाइतकी नोंद तिच्या नावावर झाली, तिने अमेरिका कायमची सोडली किंवा तिचा मृत्यू झाला, तरच ती संपते.

एच-४ वर गेलेल्यांचं काय?

सातारा-सांगलीच्या अनेक कुटुंबांचा प्रश्न खरं तर इथे येतो. मुलगा एच-१बी व्हिसावर नोकरी करतो आणि पत्नी एच-४ या आश्रित व्हिसावर जाते. कंपनीने मुलासाठी ग्रीन कार्डचा अर्ज केलेला असतो आणि त्याच अर्जात पत्नीही जोडीदार म्हणून असते. एका देशाच्या वाट्याला येणाऱ्या ग्रीन कार्डांवर सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग काही प्रवर्गांत दशकाहून लांब आहे.

म्हणजे समजा, लग्न झालं, पत्नीने बारा वर्षं रांगेत काढली, मुलं तिकडेच वाढली आणि ग्रीन कार्ड हाती येण्याच्या सहा महिने आधी घटस्फोटाचा हुकूमनामा झाला. रांगेतला नंबर नवऱ्याच्या नावावर राहतो. पत्नीची बारा वर्षं तिच्या खात्यात जमा होत नाहीत. तिचा ग्रीन कार्डचा अर्ज नाकारला जातो आणि एच-४ चा आधारही त्याच दिवशी संपतो. २०१५ पासून काही एच-४ धारकांना कामाचा परवाना मिळतो. तोही याच आधारावर उभा असल्यामुळे नोकरीही जाते.

म्हणून एच-४ वर असलेल्या व्यक्तीने हुकूमनामा होण्याआधीच दुसऱ्या व्हिसाची तयारी करायची असते. स्वतःच्या नोकरीवर एच-१बी, शिक्षणासाठी एफ-१ किंवा आवराआवरीसाठी काही काळाचा पर्यटक दर्जा, असे पर्याय असतात. घटस्फोटाच्या तडजोडीत दागिने, घर, पोटगी यांवर वाटाघाटी होतात. तशीच ‘हुकूमनामा कोणत्या तारखेला व्हावा’ यावरही होऊ शकते. तडजोड करताना घटस्फोटाच्या वकिलाबरोबर इमिग्रेशनच्या वकिलाचाही सल्ला घ्यावा, तो यासाठीच.

मारहाण, छळ होत असेल तर?

व्हिसाच्या भीतीने छळ सहन करत राहावं, असं कायदा सांगत नाही. अमेरिकेत १९९४ च्या महिलांवरील हिंसाचारविरोधी कायद्यानुसार नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकाकडून छळ झालेली जोडीदार स्वतःच्या नावाने अर्ज करू शकते. घटस्फोट झाला असेल आणि त्याचा छळाशी संबंध असेल, तर त्यानंतर दोन वर्षांपर्यंत ही मुभा असते. नावात ‘महिला’ असलं तरी पुरुषांनाही हा मार्ग खुला आहे. नवरा एच-१बीवर असेल तर हा मार्ग मिळत नाही. मात्र छळ झालेल्या एच-४ धारकाला कामाच्या परवान्यासाठी आणि गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीच्या ‘यू’ व्हिसासाठी अर्ज करता येतो.

ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात वेगळं काही आहे का?

मूळ तत्त्व सगळीकडे तेच आहे, तपशील वेगळे आहेत.

ब्रिटनमध्ये जोडीदाराचा व्हिसा नातं ‘खरं आणि चालू’ असल्याच्या अटीवर मिळतो. नातं संपल्याचं गृहखात्याला कळवावं लागतं आणि त्यानंतर राहण्याची मुदत कमी केली जाऊ शकते. मात्र जोडीदाराच्या व्हिसावर राहत असताना छळ झाला असेल तर कायम वास्तव्यासाठी स्वतंत्र अर्ज करता येतो. २०२४ पासून यात एक महत्त्वाची सोय झाली आहे. पत्नीला ‘सुट्टीसाठी’ म्हणून मायदेशी आणायचं, तिचे कागद काढून घ्यायचे आणि नवऱ्याने एकट्याने परतायचं, अशा प्रकारे टाकून दिलेली व्यक्ती ब्रिटनबाहेरूनही हा अर्ज करू शकते.

कॅनडात कायम वास्तव्य मंजूर होईपर्यंत स्पॉन्सर अर्ज मागे घेऊ शकतो. मंजूर झाल्यानंतर घटस्फोट झाला तर दर्जा टिकतो. आधी नव्या जोडीदाराला दोन वर्षं एकत्र राहण्याची अट होती. छळ सहन करणाऱ्यांना ती अडकवते म्हणून एप्रिल २०१७ मध्ये ती काढून टाकली गेली. स्पॉन्सरने दिलेली तीन वर्षांच्या खर्चाची हमी मात्र घटस्फोटानंतरही चालू राहते.

ऑस्ट्रेलियात जोडीदाराचा व्हिसा आधी तात्पुरता आणि मग कायमचा, असा दोन टप्प्यांत मिळतो. मधल्या काळात नातं तुटलं तर कळवणं बंधनकारक आहे. कौटुंबिक हिंसाचार, दोघांचं मूल किंवा स्पॉन्सरचा मृत्यू अशा परिस्थितीत कायम व्हिसाचा विचार पुढे चालू राहू शकतो.

पण घटस्फोट ‘झाला’ असं कधी म्हणायचं?

परदेशी अधिकारी याचं उत्तर बहुतेकदा घटस्फोट जिथे झाला तिथल्या कायद्यात शोधतात. त्यामुळे भारतातला कायदा नीट माहीत असायला हवा.

हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार लग्नानंतर साधारण एक वर्ष घटस्फोटाचा अर्जच करता येत नाही. परस्परसंमतीने घटस्फोट घ्यायचा असेल तर दोघं किमान एक वर्ष वेगळे राहत असावे लागतात. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबून दुसरा अर्ज करायचा असतो. हे सहा महिने बंधनकारक नाहीत, योग्य प्रकरणात कोर्ट ते माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग खटल्यात स्पष्ट केलं. परदेशातल्या पक्षकाराला व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने किंवा आईवडील, भावंडांमार्फत हजर राहू देता येईल, असंही त्यात म्हटलं आहे.

अर्ज कुठे करायचा, यातही सोय आहे. पत्नी जिथे राहते तिथल्या कोर्टात ती अर्ज करू शकते. त्यामुळे नवरा न्यू जर्सीत असला तरी तासगावला माहेरी राहणाऱ्या मुलीला तिकडे किंवा सासरच्या गावी जाण्याची गरज नाही. ती सांगली जिल्ह्यातल्या कोर्टात दाद मागू शकते. प्रकरण उच्च न्यायालयात गेलंच, तर सातारा आणि सांगलीकरांना आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत येतात.

स्टॅम्प पेपरवरच्या सोडचिठ्ठीचं काय?

गावाकडे आजही चार माणसं बसवून, स्टॅम्प पेपरवर लिहून, नोटरी करून ‘सोडचिठ्ठी’ किंवा ‘फारकत’ घेतली जाते. दोन्ही घरं त्यावर समाधानी असतात. पण नोटरीला घटस्फोट देण्याचा अधिकार नाही. एखाद्या समाजात रूढीने चालत आलेला घटस्फोट कायदा मान्य करतो, पण ती रूढी जुनी आणि सतत पाळली जाणारी आहे, हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. नुसत्या कागदाने ते होत नाही.

याचा फटका दुसऱ्या लग्नाच्या वेळी बसतो. पहिलं लग्न सोडचिठ्ठीवर ‘मोडलं’, दुसरं लग्न परदेशातल्या मुलाशी झालं आणि व्हिसाच्या फॉर्मवर पहिल्या लग्नाची माहिती दिली, की अधिकारी कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल मागतात. ती नसेल तर पहिलं लग्न टिकून असल्याचं मानलं जाऊ शकतं. तसं झालं तर दुसरं लग्नच बेकायदा ठरून अर्ज नाकारला जातो. हुकूमनामा मिळाल्यावरही लगेच दुसरं लग्न करू नये. अपिलासाठी असलेली ९० दिवसांची मुदत जाऊ द्यावी.

मुस्लीम जोडप्यांबाबत, एका दमात दिलेला तिहेरी तलाक २०१९ च्या कायद्याने निरर्थक ठरला आहे. अशा तलाकने लग्न संपलं, असं दाखवता येत नाही.

अमेरिकेतल्या कोर्टाने घटस्फोट दिला तर भारतात चालतो?

दर वेळी नाही. नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी खटल्यात नवऱ्याने अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातून घटस्फोट मिळवला होता. लग्न तिरुपतीला, हिंदू पद्धतीने झालं होतं. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटस्फोट भारतात मान्य केला नाही. ज्या कायद्याने लग्न झालं त्यात असलेल्या कारणावर घटस्फोट हवा आणि समोरच्या पक्षाने त्या कोर्टात स्वेच्छेने बाजू मांडलेली असावी किंवा घटस्फोटाला संमती दिलेली असावी, असं न्यायालयाने सांगितलं.

यातून एक विचित्र स्थिती तयार होते. अमेरिकेच्या लेखी लग्न संपलेलं असतं, म्हणून व्हिसाचा अर्ज पडतो. भारताच्या लेखी ते टिकून असू शकतं, म्हणून इथे दुसरं लग्न करता येत नाही. म्हणूनच परदेशी कोर्टाची नोटीस आली तर ती कपाटात ठेवून देऊ नये, आणि घाईने उत्तरही देऊ नये. गप्प राहिलं तर तिकडे एकतर्फी निकाल लागू शकतो. हजर राहून बाजू मांडली तर त्या कोर्टाचा अधिकार मान्य केला, असा अर्थ लागू शकतो. उत्तर देण्याआधी वकिलाचा सल्ला हवाच.

नीरजा सराफ खटल्याचं उदाहरण आजही लागू पडतं. १९८९ मध्ये लग्न झालं, नवरा अमेरिकेला परतला. आपणही तिकडे जाणार म्हणून पत्नीने शिक्षिकेची नोकरी सोडली. नंतर तिच्या हाती पडली ती अमेरिकेतल्या कोर्टात लग्न रद्द करण्यासाठी केलेल्या अर्जाची प्रत. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन सूचना केल्या. भारतात झालेलं असं लग्न परदेशी कोर्टाने रद्द करू नये, पत्नीला नवऱ्याच्या इथल्या आणि तिथल्या मालमत्तेतून पोटगी मिळावी आणि भारतीय कोर्टाचे आदेश परदेशात अंमलात यावेत, यासाठी कायदा करावा, असं त्यात सुचवलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगानेही आपल्या २८७ व्या अहवालात अनिवासी भारतीयांच्या लग्नांसाठी सर्वंकष कायद्याची शिफारस केली.

भारतात राहणाऱ्या परदेशी जोडीदाराचं काय?

नियम उलट दिशेनेही लागू होतो. भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीला ओसीआय कार्डासाठी अर्ज करायचा तर लग्न नोंदलेलं आणि त्याआधी सलग दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं. त्या मुदतीत घटस्फोट झाला तर पात्रता जाते. इथे कार्ड मिळाल्यानंतरही धोका संपत नाही. लग्नाच्या आधारावर मिळालेलं ओसीआय कार्ड घटस्फोटानंतर रद्द करण्याची तरतूद नागरिकत्व कायद्यात आहे.

मग आता करायचं काय?

- विवाह नोंदणी लग्नानंतर लगेच करा. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत ती होते. नोंदणीचा मूळ दाखला स्वतःजवळ ठेवा.
- अर्जाचा क्रमांक, पावत्या आणि ऑनलाइन खात्याची माहिती फक्त नवऱ्याकडे किंवा सासरी असू नये.
- नातं तुटत असेल तर आधी तीन प्रश्नांची उत्तरं शोधा. अर्ज कुणाच्या नावाने आहे? तो कुठल्या टप्प्यावर आहे? हुकूमनामा कधी होऊ शकतो?
- परिस्थिती बदलली तर संबंधित खात्याला खरी माहिती द्या. एजंट ‘कळवायची गरज नाही’ म्हणाला तरी सही तुमची असते.
- हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल घ्या. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं.
- महिलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. सातारा आणि सांगलीतही हे प्राधिकरण आहे.
- परदेशातल्या नवऱ्याने सोडून दिलं असेल तर राष्ट्रीय महिला आयोगाच्या अनिवासी भारतीय कक्षाकडे तक्रार करता येते. परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आणि १८१ ही महिला हेल्पलाइनही उपलब्ध आहे.

इमिग्रेशनचे नियम वारंवार बदलतात, त्यामुळे अर्ज करताना त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरची ताजी माहिती पाहावी. लग्न ठरवताना पगार, घर, गाडी यांची चौकशी होतेच. त्याच यादीत मुलगा नेमका कोणत्या व्हिसावर आहे आणि मुलीचा दर्जा कशावर अवलंबून राहणार आहे, हे दोन प्रश्नही असायला हवेत. त्यांची उत्तरं साखरपुड्याआधी मिळू शकतात. कोर्टाच्या पायऱ्या चढताना ती शोधायला बराच उशीर झालेला असतो.